शेतकऱ्यांच्या गावांपासून पहिल्या शहरांपर्यंत : सिंधू खोऱ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेती आली, धान्य उरू लागले आणि शहरे वसली, असे एका दमात सांगण्याची आपल्याला शालेय वयापासून सवय लागलेली असते. प्रत्यक्षात भारतीय उपखंडात पहिले सातूचे शेत आणि पहिले मोठे शहर यांच्यामध्ये किमान अडीच हजार वर्षे गेली. एवढ्या काळात शेकडो गावे वसली आणि उठली, आणि त्यांतली अगदी मोजकी शहरे झाली. त्या मधल्या काळात काय घडले, हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून पुढील उत्तरांत भर त्यावरच दिला आहे.

जगातील सर्वांत प्राचीन शहरे कोणती, आणि त्यांत सिंधू खोऱ्याचे स्थान काय?

आजच्या इराकच्या दक्षिण भागातील उरुक हे सर्वांत आधीच्या मोठ्या शहरांपैकी एक मानले जाते. इ.स.पू. ३२०० च्या सुमारास त्याचा विस्तार सुमारे २५० हेक्टरांपर्यंत पोहोचला होता. सीरियातील तेल ब्राक येथेही साधारण त्याच सहस्रकात मोठी नागरी वस्ती उभी राहिली. सिंधू खोऱ्यातील हडप्पा, मोहेंजोदडो, राखीगढी, धोलावीरा आणि गनवेरीवाला ही शहरे त्यानंतरची, म्हणजे इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात भरभराटीस आलेली आहेत. ती उरुकपेक्षा उशिराची असली तरी उरुकची नक्कल नाहीत. त्यांच्यामागे त्यांच्याच परिसरातील शेतकरी वस्त्यांची सलग परंपरा सापडते आणि ती थराथराने उकलून पाहता येते.

गाव आणि शहर यांतील फरक कशावरून ठरवायचा? केवळ लोकसंख्येवरून?

केवळ लोकसंख्येवरून नाही. तुर्कस्तानातील चाताल्होयुक येथे इ.स.पू. ७१०० ते ६००० या काळात हजारो माणसे एकमेकांना चिकटलेल्या घरांत राहत होती. तिथे गल्ल्या जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे घरात शिरायचे ते छपरावरून. एवढी माणसे असूनही बहुतेक अभ्यासक त्या वस्तीला शहर म्हणायला कचरतात, कारण प्रत्येक घर आपापले धान्य, आपापली साठवण आणि आपापले विधी सांभाळणारे होते. घराबाहेरची सामाईक व्यवस्था तिथे फारशी दिसत नाही.

पुरातत्त्वज्ञ व्ही. गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० मध्ये नागरीकरणाच्या दहा खुणा मांडल्या होत्या. पूर्णवेळ कारागीर, वरकड उत्पादनाची एकत्रित साठवण, भव्य सार्वजनिक बांधकामे, लेखन, दूरचा व्यापार अशा गोष्टी त्यांत येतात. ही यादी आजही उपयोगी आहे, मात्र ती परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखी वापरू नये, कारण सिंधू शहरे त्यांतील काही खुणा ठळकपणे दाखवतात आणि काही अजिबात दाखवत नाहीत. माझ्या मते सर्वांत कामाची कसोटी अशी की, वस्तीतील बऱ्याच लोकांचे पोट दुसऱ्यांनी पिकवलेल्या धान्यावर भरत असेल आणि त्या बदल्यात ती वस्ती आसपासच्या गावांना काहीतरी पुरवीत असेल, तर ते शहर.

भारतीय उपखंडात शेतीची सुरुवात कुठे झाली?

सिंधू खोऱ्याच्या कथेपुरते बोलायचे तर मेहरगढ येथे. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या तोंडाशी, कच्छी मैदानाच्या कडेला, बोलन नदीच्या काठी हे स्थळ आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-फ्रांस्वा जारिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ पासून तिथे उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरांचा काळ दीर्घकाळ इ.स.पू. ७००० च्या आसपासचा मानला जात होता. २०२५ मध्ये मानवी दातांच्या इनॅमलवरून केलेले नवे कालमापन प्रसिद्ध झाले आणि त्यानुसार ही सुरुवात इ.स.पू. ५२०० च्या आसपास येते. हा बदल किरकोळ नाही. तो टिकला तर शेतीकडून शहरापर्यंतचा प्रवास साडेचार हजार वर्षांचा न राहता सुमारे अडीच हजार वर्षांचा ठरेल.

मेहरगढचे सुरुवातीचे लोक मातीची भांडी बनवत नव्हते, पण कच्च्या विटांची चौकोनी खोल्यांची घरे बांधत होते. त्या लांबट विटांवर बोटांनी दाबलेल्या खुणा मुद्दाम ठेवलेल्या आहेत. गारा त्यात धरून राहावा म्हणून कुणा बाईने वा गड्याने ओल्या विटेवर बोटे रोवली असणार, आणि ते ठसे आजही मोजता येतात. विटांच्या मातीत धान्याचे आणि भुशाचेही ठसे राहिले आहेत. त्यांवरून सातू हे मुख्य पीक होते आणि गहू बराच कमी होता हे कळते. कापणीसाठी गारगोटीची छोटी पाती डांबराने तिरकी बसवून विळे केलेले होते. काही इमारतींत लहान लहान बंद कप्पे आहेत. त्यांत राहणे शक्य नव्हते, म्हणून ती कोठारे असावीत असे मानले जाते.

प्राण्यांच्या हाडांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. अगदी खालच्या थरांत चिंकारा, रानमेंढ्या, नीलगाय अशा शिकारीच्या प्राण्यांची हाडे पुष्कळ आहेत. वरच्या थरांकडे जावे तशी ती घटतात आणि गाय-बैल, मेंढ्या व शेळ्या यांची हाडे वाढतात. त्याचबरोबर गुरांची हाडे आकाराने लहान होत जातात, जे जनावर माणसाळवले जात असल्याचे लक्षण आहे. ही वशिंड असलेली गुरे होती, म्हणजे आपल्या खिल्लार आणि गीर जनावरांचेच प्राचीन कूळ. पुढे याच बैलाने शहरांना धान्य पोहोचवले, त्यामुळे मेहरगढमधील हा बदल मला तिथल्या घरांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

हे पहिले शेतकरी पश्चिम आशियातून आले होते का?

पिकांचे आणि माणसांचे उत्तर वेगवेगळे आहे. गहू, सातू, शेळी आणि मेंढी यांचे मूळ पश्चिम आशियाकडे जाते, तर वशिंडाची गाय सिंधू परिसरातच माणसाळवली गेली, असे जनुकीय अभ्यास दाखवतात. माणसांबाबत राखीगढीच्या दफनभूमीतील एका स्त्रीच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या वंशाचा इराणी लोकसमूहांशी दुरून संबंध होता, पण ती शाखा शेती सुरू होण्याच्या आधीच वेगळी झालेली होती. याचा अर्थ, इराणी शेतकऱ्यांच्या मोठ्या लोंढ्याने इथे शेती आणली असे चित्र या पुराव्यातून उभे राहत नाही. बियाणे आणि कौशल्य हातोहात पसरले आणि इथल्या लोकांनी ते आपलेसे केले, हा निष्कर्ष त्याच्याशी अधिक जुळतो. अर्थात तो एकाच व्यक्तीच्या अवशेषांवर उभा आहे, हे भान ठेवले पाहिजे.

डोंगरपायथ्याचे शेतकरी सिंधूच्या मैदानात का उतरले?

पायथ्याच्या छोट्या नद्यांवर शेती सोपी असते. पाणी अडवायला लहानसा बांध पुरतो आणि पुराचा धोकाही बेताचा असतो. उलट सिंधूचा पूर दरवर्षी पात्र बदलू शकतो आणि वस्ती धुऊन नेऊ शकतो. मात्र पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळात ओल एवढी असते की हिवाळी गहू-सातूचे पीक फार नांगरट वा खत न देता येते. लोकसंख्या वाढली, गुरांचे कळप वाढले, चराईसाठी माणसे हंगामी मैदानात उतरू लागली आणि इ.स.पू. चौथ्या सहस्रकात अमरी, कोट दिजी, हडप्पा अशा ठिकाणी कायमच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

मैदानातील शेतीत धान्य भरपूर मिळते, पण दगड नाही, तांबे नाही आणि चांगले लाकूडही नाही. पाट्यावरवंट्यापासून कुऱ्हाडीपर्यंत सगळे बाहेरून आणावे लागते. त्यामुळे मैदानातील गावाला देवाणघेवाण ही चैन राहत नाही, ती रोजची गरज होते. शहरांचे बीज या गरजेत आहे.

त्या काळची शेती प्रत्यक्षात कशी होत असे? त्याचा काही पुरावा आहे का?

राजस्थानात घग्गर नदीच्या काठी कालीबंगा येथे नांगरलेले शेतच सापडले आहे. बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकात झालेल्या उत्खननात, शहराच्या आधीच्या काळातील तटबंदीबाहेर हे शेत उघडे झाले. इ.स.पू. २८०० च्या सुमाराचे हे शेत जगातील सर्वांत जुन्या नांगरलेल्या शेतांपैकी एक आहे. त्यात दोन दिशांना काटकोनात तासे, म्हणजे नांगराच्या सऱ्या, ओढलेली आहेत. पूर्व-पश्चिम तासांत सुमारे ३० सेंटिमीटरचे अंतर आहे, तर दक्षिणोत्तर तासांत जवळजवळ १.९ मीटरचे.

एवढी तफावत कशासाठी, याचे उत्तर उत्खननकर्त्यांना शेजारच्या शिवारात मिळाले. तिथले शेतकरी जवळच्या तासांत कडधान्य आणि लांबच्या तासांत मोहरी पेरत होते. मोहरी उंच वाढते, तिची सावली कडधान्यावर पडू नये म्हणून ती विरळ पेरायची, म्हणजे एकाच रानातून दोन्ही पिके निघतात. पावसाने वा रोगाने एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. मिश्रपिकाचा हा हिशेब ज्यांनी केला ते लोक अडाणी आदिमानव नव्हते. त्यांना आपली जमीन ओळखीची होती. हरियाणातील बनावली येथे मातीचे नांगराचे छोटे नमुनेही सापडले आहेत.

पिकांची यादीही मोठी होती: गहू, सातू, वाटाणा, मसूर, हरभरा, तीळ, मोहरी आणि कापूस. मेहरगढला तांब्याच्या एका मण्याच्या भोकात कापसाचे तंतू गंजात टिकून राहिलेले मिळाले, तेही शहरांच्या कितीतरी आधीच्या थरात. गुजरातेत पावसाळी भरडधान्ये महत्त्वाची होती. म्हणजे रब्बी आणि खरीप अशा दोन्ही हंगामांचा आधार या प्रदेशाला होता, आणि एका हंगामाने दगा दिला तर दुसरा सावरून घेत असे.

वरकड धान्य असले की शहर आपोआप उभे राहते का?

नाही. या विषयात सर्वाधिक पसरलेला गैरसमज हाच आहे. वरकड धान्य चांगल्या वर्षी कुठल्याही शेतकऱ्याकडे असते. तो ते पेवात घालतो, सोयऱ्यांना देतो, लग्नकार्यात खर्च करतो, किंवा पुढच्या वर्षी कमी पेरतो. जास्त पिकवण्याची क्षमता असूनही शेकडो वर्षे गाव गावच राहिल्याची उदाहरणे जगभर आहेत.

शहरासाठी ते धान्य ज्यांनी पिकवले नाही त्यांच्यापर्यंत, दर वर्षी, खात्रीने पोहोचले पाहिजे. त्यासाठी वाहतूक हवी, मापे हवीत, कोणी किती दिले याची नोंद हवी आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याने ते द्यावे असे काहीतरी कारण हवे. ते कारण सक्तीचे असू शकते, श्रद्धेचे असू शकते किंवा बदल्यात मिळणाऱ्या वस्तूंचे असू शकते. सिंधू खोऱ्यात या तिसऱ्या कारणाचे वजन मोठे दिसते. रोहरीच्या टेकड्यांतील गारगोटीची पाती, किनाऱ्यावरच्या शंखांच्या बांगड्या, तांब्याची अवजारे, अकीकाचे मणी अशा वस्तू लहान खेड्यांतूनही सापडतात. खेड्यातील शेतकरीण शंखाची बांगडी घालत होती आणि त्या बांगडीच्या वाटेने तिचे धान्य शहरात जात होते.

हडप्पाचे गावापासून शहर नेमके कसे झाले?

हडप्पा येथे १९८६ पासून जॉर्ज डेल्स, जोनाथन मार्क केनॉयर आणि रिचर्ड मेडो यांच्या पथकाने थर उलगडत काम केले, म्हणून हा बदल तिथे विशेष स्पष्ट दिसतो. १९२० च्या दशकातील उत्खननांत खालच्या थरांकडे एवढे लक्ष दिले गेले नव्हते. त्याही आधी, १८५० च्या दशकात, लाहोर-मुलतान रेल्वेच्या भरावासाठी तिथल्या भाजक्या विटा गाड्या भरभरून उपसल्या गेल्या. आपण जे हडप्पा पाहतो ते उपसा होऊन उरलेले हडप्पा आहे, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

इ.स.पू. ३३०० च्या सुमारास रावी नदीच्या काठी ही एक छोटी वस्ती होती. लाकडी खांब आणि कुडाच्या झोपड्या, हाताने घडवलेली भांडी, मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि बैल असे तिचे स्वरूप होते. तेवढ्यातही दूरच्या डोंगरांतील लाजवर्द हा निळा दगड आणि तांबडा अकीक यांचे मणी घडवण्याचे काम तिथे चाललेले होते, आणि काही भांड्यांवर भाजण्यापूर्वी कोरलेल्या खुणा आहेत.

इ.स.पू. २८०० ते २६०० या टप्प्यात वस्ती २५ हेक्टरांच्या पुढे गेली. ती दोन भागांत विभागली गेली आणि प्रत्येक भागाभोवती कच्च्या विटांची भिंत उठली. विटांचे माप ठरले: जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४. घरांसाठी ७, १४ आणि २८ सेंटिमीटर, तर तटासाठी १०, २० आणि ४० सेंटिमीटर. चाकावरची भांडी आली, गाडीवाट असलेले रस्ते आले, एक घनाकार वजन आले, ठसा उमटवायची मुद्रा आली. नंतरच्या महानगरात जे ठळकपणे दिसते त्याची जवळजवळ प्रत्येक गोष्ट या २०० वर्षांत लहान रूपात तयार झालेली होती. इ.स.पू. २६०० नंतर तिचा आकार वाढला आणि हडप्पा १५० हेक्टरांच्या पुढे गेले.

म्हणून सिंधू शहरे अचानक अवतरली हे विधान आता मागे पडले आहे. काही ठिकाणी मात्र संक्रमण शांतपणे झालेले नाही. कोट दिजी येथे जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये जळिताचा थर आहे. मोहेंजोदडोचे सर्वांत खालचे थर भूजलाखाली असल्याने तिथली सुरुवात खोदून पाहता आलेली नाही.

या शहरांवर राजाचे राज्य होते का?

मोठा राजवाडा, राजाची थडगी, राजाचे विजयचित्र किंवा निर्विवाद मंदिर यांपैकी काहीही सिंधू शहरांत मिळालेले नाही. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध अर्धपुतळ्याला पुरोहित-राजा म्हटले जाते, पण ते नाव अभ्यासकांनी दिलेले आहे आणि त्या व्यक्तीचे पद सांगणारा पुरावा नाही. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील ज्या मोठ्या इमारतींना पूर्वी धान्यकोठारे म्हणत, त्यांत धान्य सापडलेले नाही, त्यामुळे राजाच्या कोठारात जमा होणाऱ्या कराचे चित्रही डळमळले आहे.

तरीही सत्ता नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शेकडो किलोमीटरवर एकाच प्रमाणाच्या विटा आणि एकाच मालिकेची वजने वापरली जातात, तेव्हा कोणीतरी ती पाळायला लावत असते. ती माणसे व्यापाऱ्यांचे संघ असतील, मोठ्या कुळांचे प्रमुख असतील वा प्रत्येक शहराची वेगळी पंचायत असेल. एकाच माणसाच्या हाती सगळे एकवटलेले नव्हते, एवढे अवशेषांवरून सांगता येते.

वजने, मुद्रा आणि लिपी यांची गरज का पडली?

गावात सगळे एकमेकांना ओळखतात. उधारी तोंडी चालते आणि पसाभर कमी-जास्त झाले तर ते पुढच्या खेपेला भागते. अनोळखी माणसाशी व्यवहार सुरू झाला की माप दोघांनाही मान्य असावे लागते. सिंधू वजने गारगोटीची, काळजीपूर्वक घासलेली घनाकार आहेत. सुरुवातीला ती दुपटीने वाढतात आणि मोठ्या वजनांत दशमान येते. सर्वाधिक आढळणारे वजन सुमारे १३.७ ग्रॅमचे आहे. हडप्पा येथे अशी वजने वेशींच्या जवळ आढळली आहेत, त्यावरून शहरात येणाऱ्या मालावर जकात घेतली जात असावी, असा तर्क केला गेला.

मुद्रा मुख्यतः शंखजिऱ्याच्या असून त्यांवर एखादा प्राणी, बहुधा एकशिंगी, आणि वर चिन्हांची एक ओळ असते. मालाच्या गाठोड्यावर ओल्या मातीचा गोळा लावून त्यावर मुद्रा दाबत असत. गुजरातेतील लोथल येथे असे ठसे मिळाले असून त्यांच्या मागच्या बाजूला चटईचे आणि दोरीचे वळ उमटलेले आहेत. लिपीत ४०० च्या आसपास चिन्हे आहेत आणि लेख सरासरी पाच चिन्हांचे आहेत. ती आजवर वाचली गेलेली नाही. समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी ती उलगडल्याचे दावे फिरतात, पण त्यांपैकी एकाही वाचनाला अभ्यासकांची सर्वसाधारण मान्यता मिळालेली नाही.

पाण्याची आणि सांडपाण्याची एवढी काळजी का घेतली गेली?

दाट वस्तीत पाणी हाच पहिला प्रश्न असतो. मोहेंजोदडोत ७०० च्या आसपास विहिरी असाव्यात, असा मायकेल यान्सेन यांचा अंदाज आहे. त्या गोल असून आतून पाचरीच्या आकाराच्या विटांनी बांधलेल्या आहेत, म्हणजे बाहेरच्या मातीचा दाब पडला तरी विटा एकमेकींना घट्ट धरून राहतात. न्हाणीघराची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती असते, तिथून पन्हळ भिंतीतून बाहेर जाते आणि रस्त्यावरच्या झाकलेल्या गटाराला मिळते. गटार साफ करता यावे म्हणून ठरावीक अंतरावर गाळ साचण्याचे खड्डे ठेवलेले आहेत. विशाल स्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असून त्याच्या भिंतीत डांबराचा थर दिलेला आहे.

धोलावीराची अडचण उलटी होती. कच्छच्या रणातील बेटावर बारमाही नदी नाही, तेव्हा तिथल्या लोकांनी दोन हंगामी ओढ्यांचे पाणी अडवून दगडी तलावांच्या रांगा भरल्या. आर. एस. बिश्त यांच्या नेतृत्वाखाली १९९० पासून झालेल्या उत्खननात हे तलाव उजेडात आले आणि २०२१ मध्ये धोलावीरा जागतिक वारसा स्थळ झाले.

मेसोपोटेमियाशी त्यांचा संबंध होता का?

होता, आणि तो व्यापाराचा होता. मेसोपोटेमियाच्या लेखांत मेलुहा नावाच्या देशाचा उल्लेख येतो आणि बहुतेक अभ्यासक तो सिंधू प्रदेश मानतात. अक्कडचा राजा सारगॉन आपल्या धक्क्याला मेलुहाची जहाजे लागतात, असे अभिमानाने सांगतो. एका मुद्रेवर शू-इलिशू नावाच्या मेलुहा भाषेच्या दुभाष्याची नोंद आहे. मेसोपोटेमियातील उर या शहरात राजघराण्याच्या थडग्यांत तांबड्या अकीकाचे लांबट मणी सापडले. असा एक मणी आरपार भोकायला कित्येक दिवस लागत आणि त्यासाठी खास कठीण दगडाचे गिरमिट वापरत.

ही शहरे कशी संपली?

इ.स.पू. १९०० च्या सुमारास शहरे ओस पडू लागली. मोसमी पाऊस क्षीण झाल्याचे पुरावे गुहांतील आणि तलावांतील साठ्यांतून मिळतात, घग्गरचा प्रवाह आटत गेला आणि मेसोपोटेमियाशी असलेला व्यापारही मंदावला. आर्यांच्या स्वारीने शहरे नष्ट झाली हे जुने मत आता टिकत नाही.

यात शेतीचा वाटा लक्षात घेण्यासारखा आहे. लोक पूर्वेकडे आणि गुजरातेकडे सरकले, लहान गावांत राहू लागले आणि भरडधान्ये व भात यांवर त्यांचा भर वाढला. शेतकरी तगले, ज्यांचे पोट त्यांच्या धान्यावर अवलंबून होते ती शहरे तगली नाहीत. लिपी, वजने आणि मुद्रा शहरांबरोबरच लोपल्या, कारण गावाला त्यांची गरज नव्हती. बैलगाडी, मिश्रपीक आणि मण्यांची कारागिरी मात्र टिकून राहिली. खंभातला अकीकाचे काम आजही चालते.

महाराष्ट्रात या परंपरेचा काही धागा सापडतो का?

सापडतो, आणि तो प्रवरेच्या काठी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे इ.स.पू. २००० ते १८०० या काळातील उत्तरकालीन हडप्पा, म्हणजे शहरे ओस पडू लागल्यानंतरच्या टप्प्यातील, वस्ती होती. सिंधू चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्राही तिथे मिळाल्या आहेत. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार भरीव वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्याचा सारथी, म्हैस, हत्ती आणि गेंडा. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत, कारण त्या शिस्तशीर उत्खननात थरातून मिळालेल्या नाहीत. रथावर उभा असलेला माणूस पाहिला की मात्र त्या ओतकामाच्या सफाईविषयी शंका उरत नाही.

याहून मोठा धडा पुणे जिल्ह्यातील इनामगावचा आहे. घोड नदीच्या काठी असलेल्या या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते चालवले. १३० हून अधिक घरे उघडी झाली, आणि एका ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची अवजारे वापरणाऱ्या, खेड्याचे एवढे तपशीलवार चित्र भारतात क्वचितच दुसरीकडे मिळते. वस्तीच्या मध्यभागी बहुधा प्रमुखाचे असलेले पाच खोल्यांचे घर होते आणि त्याला लागून कोठार होते. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट केलेला होता. सातू मुख्य पीक होते. प्रमुखाच्या घरी चार पायांच्या मोठ्या कच्च्या रांजणात बसवलेला एक पुरुष पुरलेला मिळाला. इतर प्रौढांचे पाय दफनापूर्वी घोट्याखाली तोडलेले असत, त्याचे तसे नव्हते.

शेती, साठवण, कारागीर, प्रमुख, पाटाचे पाणी असे सगळे इथे होते आणि तरीही इनामगाव शहर झाले नाही. दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात काळी जमीन नदीकाठच्या अरुंद पट्टीतच होती, पाऊस बेभरवशाचा होता आणि वरकड धान्य दूरवर नेण्याएवढे साठतच नव्हते. इ.स.पू. १००० नंतर हवामान अधिक कोरडे झाले. चौकोनी घरांची जागा गोल झोपड्यांनी घेतली, शिकारीच्या हरणांची हाडे वाढली आणि लोक शेतीकडून पशुपालनाकडे वळले. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठले. गोदावरीच्या काठी पैठण आणि तेरणेच्या काठी तेर ही शहरे त्यानंतर काही शतकांनी, लोखंडाचा फाळ, नवे व्यापारी मार्ग आणि सातवाहनांची सत्ता आल्यावर भरभराटीस आली.